शाल, श्रीफळ आणि गोधडी

आपल्या राष्ट्रध्वजाची गोधडी शिवता येत नाही. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, तसा नियम आहे. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली भारतीय ध्वजसंहिता मोबाइलवर अर्ध्या तासात वाचून होते, आणि कापडाविषयीचा इतका बारकाईने लिहिलेला सरकारी मजकूर दुसरा क्वचितच सापडेल. झेंडा उशीवर, रुमालावर छापायचा नाही, त्यावर भरतकाम करायचं नाही. टेबलावर, गाडीवर, खिडकीवर आच्छादन म्हणून घालायचा नाही. फाटला, मळला तर त्याचे तुकडे इकडेतिकडे जाऊ द्यायचे नाहीत. तो अख्खाच्या अख्खा, एकांतात, शक्यतो जाळून मानाने नष्ट करायचा.

माणसाच्या अंगावर झेंडा पांघरायला ही संहिता एकाच प्रसंगी परवानगी देते. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाने होणाऱ्या अंत्यसंस्कारात तो पार्थिवावर घालतात. तिथेही तो सरणावर जात नाही आणि कबरीतही जात नाही. अग्नी द्यायच्या आधी काढून घेतला जातो.

म्हणजे देशाचं सर्वात मोठं पांघरूण मेल्यावर मिळतं, तेही थोडा वेळ. मग जे जिवंत परत येतात त्यांच्या अंगावर काय घालायचं? चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून हा लेख. पण आधी जरा लांब जाऊन येऊ.

स्वप्नातला सैनिक

२००३ साल. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात राहणाऱ्या कॅथरीन रॉबर्ट्स यांचा मुलगा इराकच्या युद्धावर गेला होता. त्यांना एक स्वप्न पडलं. मध्यरात्री एक तरुण सैनिक पलंगाच्या कडेला खचून बसलाय, युद्धातलं सगळं त्याच्या डोक्यात घोंघावतंय. मग पुढच्याच क्षणी तो गोधडी लपेटून बसलेला दिसतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला असतो. या स्वप्नातून ‘क्विल्ट्स ऑफ व्हेलर’ ही चळवळ सुरू झाली. पहिली गोधडी नोव्हेंबर २००३ मध्ये वॉल्टर रीड लष्करी इस्पितळात, युद्धात पाय गमावलेल्या एका तरुण सैनिकाला दिली गेली. आजवर तीन लाखांहून जास्त गोधड्या माजी सैनिकांपर्यंत पोचल्यात.

या चळवळीचे दोन नियम मला फार आवडतात. एक, गोधडी धुता आली पाहिजे. ती भिंतीवर टांगायची वस्तू नाही, अंगावर घ्यायची वस्तू आहे. दुसरा, तिच्या मागच्या बाजूला कापडी पट्टी लावायची आणि त्यावर शिवणाऱ्यांची नावं लिहायची.

त्यांच्याकडे ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात गावोगावच्या बायका सैनिकांसाठी गोधड्या शिवून पाठवत. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी पैसे जमवायला सह्यांच्या गोधड्या निघाल्या: काही सेंट द्या, तुमचं नाव कापडावर दोऱ्याने भरून देऊ. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्या ब्रिटिश कुटुंबांना मिळाल्या.

याच गोष्टीची उलटी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैनिक स्वतःच गोधड्या शिवत. गणवेशाच्या जाड लोकरी कापडाचे लाल, काळे, पिवळे तुकडे घेऊन बोटभर चौकोन-त्रिकोण जोडत. यातल्या काही गोधड्या भारतातल्या छावण्यांमध्ये तयार झाल्या. शिपाई दारूपासून लांब राहावेत म्हणून सुधारक मंडळी या कामाला उत्तेजन देत. १८५६ च्या एका चित्रात थॉमस वॉकर नावाचा सैनिक डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत इस्पितळातल्या खाटेवर बसून गोधडी शिवताना दिसतो. क्रिमियाच्या युद्धात तो जखमी झाला होता. त्याच्या मांडीवर जे रंगीत तुकडे आहेत, ते सैनिकांच्याच कपड्यांचे.

चिंधीचं गणित

आता आपल्याकडे येऊ. चंद्रपूरचं नाव काढलं की लोकांना उन्हाळा आठवतो. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला की आमचं गाव राष्ट्रीय बातम्यांत झळकतं. अशा ठिकाणी गोधडीचं काय काम, असं पुण्यातले सहकारी विचारतात. त्यांना सांगावं लागतं की गोधडी फक्त पांघरायला नसते, अंथरायलाही असते. आणि ताडोबाच्या बाजूला, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे काय गारठा असतो, ते तिथे मुक्काम केल्याशिवाय कळत नाही.

गोधडीची रीत सगळ्या महाराष्ट्रात साधारण सारखीच. वर-खाली जुनं लुगडं किंवा साडी. आत धोतरं, सदरे, परकर, जे काही घालण्याच्या पलीकडे गेलंय ते. जमिनीवर पसरून सुरकुत्या काढायच्या, कडेने सुरुवात करायची आणि धावदोरा घालत आत आत जायचं. विरलेल्या जागी ठिगळ लावायचं. एकटीने शिवली तर महिना जातो. चौघी बसल्या तर चार-सहा दुपारींत होते आणि गावातल्या सगळ्या बातम्याही होतात. नवीन कापड विकत आणून शिवलेल्या गोधडीला माझी आजी गोधडी मानायची नाही. तिच्या मते गोधडीतला प्रत्येक तुकडा कुणीतरी वापरलेला असला पाहिजे. बोट ठेवून ती सांगायची, हे तुझ्या आजोबांचं धोतर, ही मोठ्या आत्याची लग्नातली साडी.

चिंधीला आपल्या भाषेत कमी लेखलेलं असलं, तरी कथांमध्ये तिला मोठा मान आहे. कृष्णाच्या बोटाला लागलं, रक्त थांबेना, तेव्हा सुभद्रा चिंधी शोधत बसली आणि द्रौपदीने अंगावरचा भरजरी शालू फाडून दिला, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. रक्षाबंधनाला शाळेतल्या मुली सीमेवरच्या जवानांना राख्या पाठवतात, त्याच्या मुळाशी ही चिंधीच आहे. आणि विदर्भातल्याच गाडगेबाबांनी आयुष्यभर चिंध्या जोडलेला वेष केला, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चूक दुरुस्त करणाऱ्या कोडच्या तुकड्याला पॅच म्हणतात. हा शब्द खऱ्या ठिगळावरूनच आला. प्रोग्रॅम छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर असायचे त्या काळात चुकीच्या छिद्रावर कागदाचा तुकडा चिकटवून दुरुस्ती करत. सगळं फेकून नव्याने लिहिण्यापेक्षा आहे ते टिकवणं शहाणपणाचं असतं, हे गोधडी शिवणाऱ्या बायांना आमच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

सावलीचं सूत

कापडाचा आणि देशाचा संबंध या भागात झेंड्याच्याही आधी चरख्याने जोडला. मूलहून गडचिरोलीकडे जाताना सावली लागतं. आज ते चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. स्वातंत्र्याआधी ते महाराष्ट्रातलं खादीचं एक महत्त्वाचं केंद्र होतं. १९३६ च्या फेब्रुवारीअखेर गांधी सेवा संघाचं अधिवेशन या गावात भरलं आणि गांधीजी त्यासाठी तिथे आले. देशातले मोठे कार्यकर्ते चांदा जिल्ह्यातल्या जंगलाकाठच्या गावात का जमले, तर तिथे बाया सूत कातत होत्या म्हणून.

तेव्हा खादीच्या कामात एक मोठा वाद चालू होता. सूत कातणाऱ्या बाईला दिवसाला किती मिळावं? खादी स्वस्त राहावी म्हणून तिला अगदी किरकोळ मजुरी दिली जात होती. गांधीजींचं म्हणणं असं की देशासाठी कापड विणायचं आणि कातणारीला अर्धपोटी ठेवायचं, हे चालणार नाही. १९३५ मध्ये चरखा संघाने आठ तासांच्या कामावर जगता येईल इतकी मजुरी देण्याचं धोरण स्वीकारलं. महाराष्ट्रात श्रीकृष्णदास जाजू यांनी हे काम पुढे नेलं. मजुरी वाढल्यावर खादी महाग होणार, हे उघड होतं. तरीही तो निर्णय घेतला गेला.

मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. कापड पवित्र आहे असं म्हणणं सोपं असतं. ते ज्या हातांतून आलं त्या हातांचे पैसे देणं अवघड असतं. २०२१ पर्यंत आपला झेंडा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच असावा लागे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टर आणि यंत्रावर बनलेले झेंडेही चालू लागले. त्यामुळे २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ला घराघरावर झेंडा दिसला, हे खरं. पण त्या झेंड्यामागे कातणारी बाई असलीच पाहिजे ही अट त्या दिवशी गेली, हेही तितकंच खरं.

चिमूर

आता या जिल्ह्यातल्या सर्वात मोठ्या लढ्याकडे.

१६ ऑगस्ट १९४२. चिमूर. नागपंचमीचा दिवस. या दिवशी आपल्याकडे काही कापत नाहीत, चिरत नाहीत, शेतात नांगर घालत नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने हा सगळा परिसर तापलेला होता. मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव होऊन आठच दिवस झाले होते. सकाळी झेंडा घेऊन प्रभातफेरी निघाली. पुढे गोळीबार झाला. १६ वर्षांचा बालाजी रायपूरकर त्यात गेला. चिडलेल्या जमावाने चार सरकारी माणसांना ठार मारलं, त्यात अधिकारी होते तसा एक साधा शिपाईही होता. सरकारी इमारती पेटल्या, रस्ते तोडले गेले. दोन-तीन दिवस चिमूरमध्ये इंग्रजांचं राज्य उरलं नाही.

मग लष्कर आलं. गावातल्या पुरुषांना सरसकट धरून नेलं. घरात उरल्या बाया आणि पोरं. त्यानंतर जे झालं त्याला चिमूरचे अत्याचार म्हणतात. घरं लुटली गेली आणि बायकांवर बलात्कार झाले. दादीबाई बेगडे यांच्यासारख्या गावातल्या वयस्क बाईने अधिकाऱ्यासमोर उभं राहून याबद्दल जाब विचारला. नागपूरहून गेलेल्या स्त्रियांनी पीडितांची निवेदनं ऐकली. सरकारने चौकशीला नकार दिला.

इथे एक विलक्षण माणूस येतो. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी. पूर्वी केव्हातरी त्यांनी मौनव्रत घेतलं होतं आणि चुकूनसुद्धा तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून तांब्याच्या तारेने स्वतःचे ओठ शिवून घेतले होते. तोच माणूस चिमूरच्या बायकांसाठी बोलला. चौकशी व्हावी म्हणून त्यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषण सुरू केलं आणि ते ६३ दिवस चाललं. उपोषणाच्या बातम्या छापायला सरकारने बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी जानेवारी १९४३ मध्ये एक दिवस अंकच काढला नाही. १२ जानेवारीला तडजोड होऊन उपोषण सुटलं.

दुसऱ्या बाजूला खटले चालले. चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातलं आष्टी इथल्या अनेक तरुणांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्यांचे जीव वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी मोठी मोहीम उभी केली. शेवटी त्या फाशा टळल्या आणि ही माणसं जिवंत परत आली.

यादीत नसलेला रकाना

जिवंत परत आलेल्यांसाठी देशाने काही केलं का? केलं. १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केलं. ताम्रपट दिले. गावोगावी सत्कार झाले, शाली पडल्या, नारळ मिळाले. ज्यांनी तरुणपण तुरुंगात घालवलं त्यांच्यासाठी हे गरजेचंच होतं.

पण त्या योजनेची पात्रतेची यादी वाचून पाहा. सहा महिने तुरुंगवास, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. भूमिगत राहणं. स्थानबद्धता किंवा हद्दपारी. मालमत्ता जप्त होणं. गोळीबारात किंवा लाठीमारात कायमचं अपंगत्व. सरकारी नोकरी जाणं. फटक्यांची शिक्षा, तीही दहा फटक्यांची. फटक्यांचा आकडा ठरवण्याइतकी ती यादी तपशीलवार आहे.

चिमूरच्या बायकांसोबत १९४२ च्या ऑगस्टमध्ये जे झालं, त्याला या यादीत रकाना नाही. त्या तुरुंगात गेल्या नाहीत, कारण त्यांच्यासाठी घराचाच तुरुंग झाला होता. पुरावा म्हणून जोडायला त्यांच्याकडे जेलरचा दाखला नव्हता. आणि रकाना असता तरी किती जणींनी भरला असता? गावात राहायचं होतं, लेकी उजवायच्या होत्या. ज्या लढ्याचं नाव घेऊन चिमूरमध्ये दर १६ ऑगस्टला हुतात्म्यांना वंदन होतं, त्या लढ्यातल्या या सैनिकच होत्या. त्यांना शाल मिळाली नाही.

शाल आणि गोधडी यांतला फरक मला इथे कळतो. शाल दुकानातून येते. सत्कारमूर्तींची यादी झाली की तितक्या नग आणायच्या. ती खांद्यावर पडते, फोटो निघतो, घरी गेल्यावर ती घडी घालून कपाटात जाते. यादीत नाव असल्याशिवाय शाल मिळत नाही. गोधडीला यादी लागत नाही. ज्याच्या अंगावर ती घालायची तो माणूस ओळखीचा असावा लागतो, एवढंच. त्याला काय झालं ते शिवणारीला माहीत असतं, तिने ते विचारलेलं नसलं तरी.

जंगलातली आजची लढाई

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमारास तिथे नक्षलवादी चळवळ पसरू लागली होती. १९९० मध्ये पोलिसांनी स्थानिक तरुणांना घेऊन सी-६० हे पथक उभं केलं. यातले कित्येक जण याच गावांमधले, गोंडी-माडिया बोलणारे आदिवासी. लढाई दोन देशांमधली नव्हती. कधी कधी ती एकाच गावातल्या दोन घरांमधली होती, आणि दोन्हीकडच्या बंदुकांच्या मध्ये सापडून मेलेली साधी माणसंही कमी नाहीत. ८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं त्याच दिवशी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला.

टीव्हीवर आपण पाहिलं ते झेंड्यात लपेटलेल्या पेट्या. पंधरांच्या सोबत सोळावा जो चालक होता, तो गाडी चालवून पोट भरणारा माणूस. बातम्यांच्या मथळ्यात बहुधा आकडा १५ चाच असायचा.

अशा प्रसंगी झेंडा मान देतो आणि तो द्यायलाच हवा. पण त्यानंतरचा काळ फार मोठा असतो. स्फोटातून वाचलेला, एका कानाने ऐकू न येणारा जवान पुढची तीस वर्षं जगतो. विधवा जगते. चकमकीत नेमकं काय पाहिलं ते बायकोलाही न सांगणारा माणूस रात्री उठून बसतो. कॅथरीन रॉबर्ट्सच्या स्वप्नातला पलंगाच्या कडेवरचा तरुण गडचिरोलीतही आहे, फक्त तो बाजेवर बसलाय.

कुठल्या तुकड्यांची?

दर वर्षी ७ डिसेंबरला आपल्याकडे सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून चालू आहे. शाळा-कचेऱ्यांत छोटा कागदी झेंडा छातीला लावतात, डब्यात पैसे टाकतात आणि तो निधी माजी सैनिक, जखमी जवान आणि वीरपत्नींसाठी जातो. चांगली व्यवस्था आहे, ऑनलाइनही पैसे भरता येतात. झेंडा जिवंत माणसाच्या उपयोगी पडतो असा हा एक दिवस. नेमका थंडीतला.

त्या दिवसासाठी मला एक साधी गोष्ट सुचते. या दोन जिल्ह्यांत महिलांचे बचत गट गावोगावी आहेत आणि त्यांतल्या कित्येक बायांना गोधडी शिवता येते. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांसाठी, जखमी पोलिसांसाठी, शहिदांच्या घरांसाठी त्यांच्याकडून गोधड्या शिवून घ्याव्यात. तिरंग्याच्या नकोत. नियमात बसत नाहीत म्हणून नव्हे, तर झेंड्याची जागा वर आहे, अंगाखाली नाही, हे आपल्याला पटलेलं आहे म्हणून. तुकडे वेगळे घ्यावेत. सावलीच्या खादीचा एक. धानाच्या बांधीत रोवणी करताना नेसलेल्या लुगड्याचा एक. शाळेच्या निळ्या गणवेशाचा एक. घरच्यांनी दिला तर त्या माणसाच्याच जुन्या सदऱ्याचा एक. देश अशा कापडांचाच बनलेला असतो.

आणि १९३५ चा धडा विसरू नये. शिवणारीला जगता येईल इतकी मजुरी द्यावी. देशसेवा म्हणून फुकट शिवून घेतलेली गोधडी म्हणजे बायकांच्या कष्टांची आणखी एक न मोजलेली दुपार. मागच्या बाजूला कापडी पट्टी लावून तिचं नावही दोऱ्याने घालावं.

पहिली गोधडी चिमूरला द्यावी असं वाटतं. १९४२ च्या त्या बायांपैकी आज कुणी हयात असणं अवघड आहे. त्यांच्या नाती-पणती मात्र तिथेच राहतात. नाव जाहीर करायचं नाही, स्टेज नाही, फोटो नाही. घरोघरी जायचं, गोधडी ओसरीवर ठेवायची आणि चहा झाला की उठायचं.